मान हलली म्हणजे समजलं का?



श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा भाषा शिकण्याचा क्रम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. श्रवण पहिलं. पण मूल ऐकतंय की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेक वेळा त्याच्या नजरेवरून आणि मानेवरून. आणि नजर, मान यांचे अर्थ घरोघरी वेगळे असतात.

शिरूर-चौफुला रस्त्यावरचं न्हावरे घ्या. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावातला, आणि रांजणगावची एमआयडीसीही जवळच. ऊसतोडीसाठी बीड-नगरकडून आणि कंपन्यांत कामाला उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं या भागात येतात. त्यांची मुलं गावातल्या मुलांशेजारी बसतात. कुणाच्या घरी बंजारा बोली, कुणाच्या घरी भोजपुरी. ऐकण्याच्या सवयीही मुलं घरूनच घेऊन येतात.

नजर : मोठं माणूस रागावत असताना त्याच्या डोळ्यांत बघणं आपल्याकडं उर्मटपणा समजतात. म्हणून मूल खाली बघतं. शाळेत मात्र आपण म्हणतो, "इकडं बघ, लक्ष कुठंय तुझं?" नजरेला नजर देऊन बोलावं, हा अमेरिकेतला शिष्टाचार मुलाखतींच्या पुस्तकांतून आपल्याकडं आला. जपानमध्ये मात्र मोठ्यांपुढं नजर थोडी खाली ठेवणं हीच अदब.

हुंकार : गोष्ट सांगताना आजीला "हुं" लागतो. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी "जी जी" म्हणतात. जपानी माणसंही ऐकताना असा सतत प्रतिसाद देतात. त्याला 'आइझुची' म्हणतात. उलट फिनलंडमध्ये मध्ये न बोलता शांत ऐकणं चांगलं मानतात. म्हणून मध्येच "मग?" म्हणणारं मूल गडबड करत असेलच असं नाही, आणि गप्प बसलेल्याचं लक्ष नसेलच असंही नाही.

मान : बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात. आपल्याकडं "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग मान डोलावून "होऽऽ" म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ पुष्कळदा "ऐकतोय गुरुजी" एवढाच असतो.

ऊसतोड कामगाराचं मूल दिवाळीच्या आसपास येतं आणि उन्हाळ्यात परत जातं. हातात महिने मोजकेच. तेवढ्यात 'ढ' किंवा 'आगाऊ' असा शिक्का बसला, तर ते वर्गात असूनही बाहेरच राहतं.

मग करायचं काय?

१. "समजलं का?" ऐवजी "तुझ्या शब्दांत सांग" किंवा "करून दाखव" म्हणावं. घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल.

२. प्रश्न विचारल्यावर थांबावं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं, की शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली.

३. नजर वर करायची सक्ती नको. शेजारी बसून, वहीकडं बघत बोललं तरी मूल मोकळं होतं.

४. पालकांनी शिक्षकांना घरची रीत सांगावी, शिक्षकांनीही ती विचारावी.

५. मात्र मूल हाक मारूनही वळत नसेल, एकच कान पुढं करत असेल, कान वाहत असेल, तर सवय म्हणून सोडून देऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्याला दाखवावं. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावं.

उद्या वर्गात "होऽऽ" आला, की त्यातल्या एका मुलाला एवढंच विचारून बघा, "काय समजलं, सांग बरं?"