खांब की माणूस?

बोलता बोलता समोरचा माणूस न सांगता उठून गेला आणि आपण रिकाम्या खुर्चीशी बोलत राहिलो, हा अनुभव अंध व्यक्तींना नवा नाही. पांढऱ्या काठीला खड्डा कळतो, पायरी कळते. हे कळत नाही. आयआयटी दिल्लीत घडलेली, २०१४ साली बाजारात आलेली स्मार्टकेन अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळेही टिपते, पण तिच्या लेखी खांब आणि माणूस सारखेच. फरक करायचा तर अंगाची ऊब पकडायला हवी.

त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस. अशा अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडतात, मिट्ट काळोखातही. सह्याद्रीतला चापडा साप शिकार हेरतो तो याच किरणांवर. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळगीत त्याचं उष्णतेचं ज्ञानेंद्रिय असतं.

जिन्यातला दिवा आपोआप लावणारा स्वस्त सेन्सर इथे चालत नाही. त्याला फक्त बदल कळतो. माणूस स्तब्ध बसला की त्याच्यापुरता तो नाहीसा. म्हणून स्थिर ऊबही मोजणारा थर्मोपाइल लागतो. पॅनासॉनिकच्या ‘ग्रिड-आय’ या इवल्याशा सेन्सरमध्ये ८ × ८, म्हणजे ६४ बिंदू असतात. समोरच्या ६० अंशांतलं तापमान ते सेकंदाला १० वेळा सांगतात. तीन मीटरवर एका बिंदूत सुमारे ४३ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे माणूस जेमतेम एक-दोन बिंदू रुंद. चेहरा ओळखणं अशक्य. मला ही उणीव वाटत नाही. कुणाचा फोटो न काढता ‘उजवीकडे कुणीतरी आहे’ एवढंच सांगणारं यंत्र सभ्यच म्हणायचं.

पण सांगायचं कसं? कानात नको; रहदारी, पावलं, भिंतीवरून परतणारा आवाज यांसाठी कान मोकळे हवेत. उरते त्वचा. शास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रिता यांनी १९६९ साली कॅमेऱ्यातलं चित्र खुर्चीच्या पाठीत बसवलेल्या ४०० कंपकांनी अंध व्यक्तींच्या पाठीवर उमटवलं होतं. सरावाने त्यांना वस्तू ओळखता आल्या. कॅमेरा स्वतः फिरवायला मिळाल्यावर त्या वस्तू पाठीवर नव्हे, समोर असल्याचं जाणवू लागलं. सेन्सर टोपीवर किंवा चष्म्यावर हवा तो यासाठीच, मानेबरोबर फिरणारा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे सांगायला कमरेच्या पट्ट्यात मोबाइलमधले असतात तसे तीन कंपक पुरतात.

चकवेही आहेत. बँकेच्या काचेमागचा कारकून दिसत नाही, कारण हे किरण साध्या काचेतून जात नाहीत. कुत्रा आणि चहाची किटली मात्र झकास दिसतात. दादरच्या पुलावर संध्याकाळी चौसष्टही बिंदू ऊबदार. तिथे पट्टा बंद केलेलाच बरा.

सगळ्यात अवघड विदर्भातला मे. भिंत तापत तापत त्वचेइतकी झाली की तिच्यापुढचा माणूस विरघळतो. पारा ४५वर गेला की उलटंच, तापलेल्या भिंतीपुढे माणूस गार दिसतो. ‘गरम म्हणजे माणूस’ असं शिकवलेला पट्टा तिथे भिंतींना माणसं समजेल. अंतर मोजणारा दुसरा सेन्सर जोडता येतो, पण मग वजन, बॅटरी आणि किंमत तिन्ही वाढतात.