शाळा बुडते म्हणून रडणारं लेकरू

मूल आजारी पडलं की आपल्या घरात पहिला प्रश्न असतो, ताप किती आहे? दुसरा, दवाखान्यात कोण नेणार? तिसरा, आज कामावर खाडा कोणाचा? मुलाला मात्र चौथाच प्रश्न पडलेला असतो. मग माझ्या शाळेचं काय?

या चौथ्या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा उत्तरच देत नाही. औषध पाजतो, पांघरूण घालतो आणि म्हणतो, गप पड. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करत होतो. म्हणून या वेळी औषधाबद्दल थोडं आणि त्या रडण्याबद्दल जास्त लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. 7 नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस तीन दिवसांवर आला होता. 1900 साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून 2017 पासून राज्यातल्या शाळांत हा दिवस पाळतात, हे आपल्या घरांत सांगायला नको. आमच्या वस्तीतल्या तिसरीतल्या एका पोरीला त्या दिवशी शाळेत दहा ओळींचं भाषण करायचं होतं. पंधरा दिवस ती ते नळावर, संडासच्या रांगेत, आजीचे पाय चेपताना म्हणत होती. ऐकून ऐकून आम्हालाही पाठ झालं होतं. आणि 4 तारखेला सकाळी आंघोळ घालताना आईला तिच्या पोटावर पाण्याने भरलेले चार-पाच फोड दिसले. कांजिण्या.

पोरगी रडायला लागली. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी कर." आजी म्हणाली, "बरं झालं, चार दिवस पडून राह्यला मिळंल." मामा म्हणाला, "एक भाषण हुकलं म्हणून काय कलेक्टर व्हायची राहतेस का गं?" तिघेही मायेनेच बोलले. पोरगी आणखी मोठ्याने रडली. दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली, मोठी बहीण पाणी भरायला नळावर गेली, तेवढ्यात हिने पूर्ण बाह्यांचा स्वेटर गळ्यापर्यंत चढवला, दप्तर घेतलं आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी आम्हीच तिला अडवलं. अंग तव्यासारखं तापलेलं.

कांजिण्यांचं मूल शाळेत का पाठवायचं नाही, ते आधी सांगतो. अंगावर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागतो. खपल्या धरायला साधारण पाच ते सात दिवस जातात, कधी जास्तही. तो हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. वर्गातली धडधाकट मुलं त्यातून बरी होतात. पण गरोदर बाई, तान्हं बाळ, अशक्त किंवा मोठ्या आजाराचं औषध चालू असलेलं मूल यांना तो जड जाऊ शकतो. म्हणून तापाची गोळी देऊन, पावडर फासून परीक्षेला बसवणं हा पराक्रम नव्हे. आपल्यातले काही पालक हे अभिमानाने सांगतात. शिक्षणाची ओढ आम्हाला कळते, पण तो अभिमान आम्हाला पटत नाही.

आता रडण्याकडे येऊ. त्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, अंथरुणावर निजवलं आणि समजूत घालण्याऐवजी विचारलं, "तुला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय?" बराच वेळ ती बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. हे गप्प बसणं आम्हाला फार उशिरा जमलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझं भाषण दुसरीला देतील. ती चांगलं म्हणेल. मग बाई मला परत कधीच देणार नाहीत."

म्हणजे ती चार दिवसांच्या शाळेसाठी रडतच नव्हती. मोठ्या मुश्किलीने मिळालेली आपली जागा जाईल, या भीतीने रडत होती. अशा पोरीला "पुढच्या वर्षी कर" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच.

हा प्रश्न नंतर आम्ही अनेक आजारी मुलांना विचारला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकाला वर्षभर न बुडवलेल्या हजेरीचं बक्षीस हुकल्याचं दुःख. एकीला वाटत होतं की बाकावर तिच्या शेजारी आता दुसरीच बसेल आणि मैत्रीण तिची होऊन जाईल. एका पोराने सांगितलं, "खिचडी." हसू नका. आई पहाटे डबा न करता कामावर जाते त्या घरात शाळेतली खिचडी हे दिवसाचं पहिलं गरम जेवण असतं. आणि एक मुलगा घाबरला होता की नाव काढून टाकतील. मोठ्या माणसांनी कधीतरी धाक घातला होता, तो त्याने खरा धरला. त्याला आम्ही स्पष्ट सांगितलं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कायदा आठ वर्षांच्या मुलालाही समजतो. त्याचा चेहराच बदलला. रडण्यामागचं कारण कळल्याशिवाय घातलेली समजूत ही अंदाजाने दिलेल्या औषधासारखी असते.

लहान मुलांत आणखी एक गोष्ट असते, ती ती सहसा बोलत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून आजार आला. खोटं बोललो, भावाला मारलं, त्याची ही शिक्षा. त्यात कांजिण्या आल्या की आपल्याकडे अजूनही कुणीतरी म्हणतंच, देवी आल्यात, काहीतरी चुकलं असेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा हे शब्द तोंडातून निसटतात. त्यात आजीचा दोष नाही, तिने तेच ऐकलेलं असतं. पण अंथरुणावरचं लेकरू ते ऐकून आतल्या आत चूक शोधत बसतं. त्याला सांगा: हा विषाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही इतका लहान. कुणाच्या तरी श्वासातून किंवा खोकल्यातून तुझ्याकडे आला. त्याची चूक नाही, तुझीही नाही. आणि आजीला सांगा की खऱ्या देवीच्या रोगाचा 1975 नंतर देशात एकही रुग्ण सापडलेला नाही. तो रोग गेला तो लसीने. कांजिण्यांवरही लस आहे, पण ती सरकारी मोफत लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते.

घरी राहण्याचं कारणही मुलाला शिक्षेसारखं वाटू देऊ नका. आम्ही तिला म्हणालो, "तुझ्या वर्गात कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे?" तिने दोन नावं घेतली. "तू घरी राहिलीस की ती दोन बाळं सुरक्षित राहतात." हे तिला पटलं. रडू लगेच थांबलं नाही, पण स्वेटर काढून ठेवला.

एक कबुली द्यायची आहे. आम्ही सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात काम करत होतो तेव्हा रडणाऱ्या मुलाला "गप्प बस, नाहीतर सुई देईन" असं म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. मूल गप्प झालं की आम्हाला वाटायचं, रुळलं. इंग्लंडमध्येही नर्सेस असंच समजायच्या. तिथे जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली, आईपासून दूर रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक फिल्म केली आणि दाखवून दिलं की गप्प झालेलं मूल रुळलेलं नसतं, त्याने आशा सोडलेली असते. त्यानंतर तिथे 1959 साली सरकारी समितीने शिफारस केली की आईवडिलांना मुलाजवळ कधीही येऊ द्यावं. महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची, ओकारीची किळस वाटू नये, आणि पाचवा, वेळोवेळी धम्माचं बोलून आजाऱ्याच्या मनाला उभारी देता यावी. नर्सिंगच्या डिप्लोमात पहिले चार आमच्याकडून घोटून घेतले. पाचव्याला तास नव्हता.

त्या भाषणाचं काय झालं? आईने बाईंना फोन केला. बाईंनी भाषण दुसऱ्या मुलीला दिलं होतं. त्यांचंही चुकलं नाही, कार्यक्रम थोडाच थांबतो. हे पोरीला सांगायचं की नाही यावर घरात वाद झाला. मामाचं म्हणणं, "बाईंनी तुझ्यासाठी राखून ठेवलंय" असं सांगून टाकू. आम्ही नको म्हणालो. खोटा दिलासा मूल शाळेत जाईपर्यंतच टिकतो. त्यानंतर ते आपल्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. "उद्या जाशील हं" हेही तसंच. त्यापेक्षा, "सगळ्या फोडांवर खपल्या आल्या की जाशील, रोज आपण दोघी मोजू," असं म्हणावं. आईने खरं सांगितलं. पोरगी रडली. या वेळी आई फक्त जवळ बसली.

मग त्या फोनवर तिने भाषण म्हणून दाखवलं आणि आवाज रेकॉर्ड करून बाईंना पाठवला. कार्यक्रमात तो लावला गेला नाही. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं, "ऐकलं." तो एक शब्द तिने आजीला चार वेळा दाखवला. आजीला वाचता येत नाही.

ताप असताना अभ्यास लादू नका. ताप उतरून मूल स्वतः वही मागायला लागलं की पंधरा-वीस मिनिटं पुरे. अंगाची खाज रात्री वाढते आणि दिवसभर दाबलेलं रडूही तेव्हाच येतं. नखं कापा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, सुती सैल कपडे घाला, कॅलामाइन लावा. आंघोळ बंद करायची गरज नाही. तापाला पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको, कांजिण्यांत त्याने यकृताला आणि मेंदूला धोका होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनही नको. आई कामावर जाणार असेल तर "लवकर येते" म्हणू नये. घड्याळात काटा कुठे आला की येईन ते दाखवावं.

मूल उठवूनही नीट जागं होत नसेल, श्वास भरभर किंवा जड चालत असेल, चालताना तोल जात असेल, मान ताठ झाली असेल, ओकाऱ्या थांबत नसतील, फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज असेल, ताप चार दिवसांनंतरही असेल किंवा जाऊन परत आला असेल, तर घरी थांबू नका. थेट रुग्णालय. घरात गरोदर बाई किंवा महिन्याच्या आतलं बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगा.

आता त्या मोठ्या बहिणीकडे येतो. ती सहावीत. तिला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणजे तिला शाळेत जायला काहीच अडचण नव्हती. पण आई चार घरची धुणीभांडी करते, आजीला मोतीबिंदू, म्हणून धाकटीजवळ तिला ठेवलं. तिने हूं की चूं केलं नाही. "मोठी शहाणी आहे बाई," असं सगळे म्हणाले, आम्हीसुद्धा. वॉर्डात जे शिकलो ते इथे विसरलो. चौथ्या दिवशी तोच प्रश्न तिला विचारला. ती चुलीकडे बघत म्हणाली, "गणिताच्या बाई अपूर्णांक सुरू करणार होत्या." एवढंच.

आजारी एक आणि शाळा दोघींची बुडते, हे आपल्या वस्तीत घरोघरी चालतं, आणि मागे राहते ती बहुतेक वेळा पोरगीच. आईला दोष देण्यात अर्थ नाही. तिचा खाडा झाला की पगार कापला जातो, तिसऱ्या खाड्याला काम सुटतं.

त्या संध्याकाळी महिला मंडळाच्या बायका विहारात बसल्या होत्या. आम्ही विचारलं, कांजिण्या कुणाकुणाला होऊन गेल्यात? बहुतेक हात वर. सकाळी दोन तास शिलाईवाली ताई, मग घरी पापड लाटणाऱ्या मावशी, दुपारी आम्ही. आपापलं काम घेऊन त्या घरात बसायचं, एवढंच. पहिल्या दिवशी मावशी अर्धा तास उशिरा आल्या आणि त्यावरून थोडी बोलाचालीही झाली.

मोठी पाचव्या दिवशी शाळेत गेली. अपूर्णांकांचे दोन तास होऊन गेले होते. मैत्रिणीची वही आणून तिने धाकटीच्या अंथरुणाशेजारी बसून सगळं उतरवून काढलं. धाकटी खपल्या मोजता मोजता मान वर करून विचारत होती, "ताई, छेद वरचा का खालचा?"