दोन जातींच्या पोलादांचा सांधा

जळालेला वायू इंजिनाबाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, तर त्याचा दांडा गाईडमध्ये अखंड घासला जातो, आणि ही दोन्ही कामे एकाच पोलादाकडून चोख होत नाहीत. म्हणून डोक्यासाठी सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेले ऑस्टेनिटिक पोलाद घेतात, जे उष्णतेत ताकद टिकवते पण पाणी देऊन कडक होत नाही. दांड्यासाठी मात्र पाणी दिल्यावर कडक होणारे मार्टेन्सिटिक पोलाद लागते.

हे दोन तुकडे घर्षणाने जोडले जातात. या पद्धतीचा पाया १९५६ मध्ये सोव्हिएत संघात चुडिकोव्ह यांनी घातला. एक तुकडा चकमध्ये धरून वेगाने फिरवतात आणि दुसरा त्यावर दाबतात. काही सेकंदांत समोरासमोरचा धातू न वितळताच लालबुंद आणि मऊ होतो, तेव्हा फिरणे थांबवून दाब वाढवला की ऑक्साइडचा थर कडेने बाहेर पडतो आणि स्वच्छ धातू एकजीव होतो. बाहेर आलेल्या या कडेला फ्लॅश म्हणतात. ती बहुधा उष्णतेत लवकर मऊ होणाऱ्या मार्टेन्सिटिक बाजूलाच जास्त उमटते. मात्र देखण्या फ्लॅशवर विसंबणे धोक्याचे असते, कारण दांड्याच्या मध्यबिंदूशी घसरण्याचा वेग शून्य असल्याने तेथे उष्णता परिघाकडून झिरपत यावी लागते, आणि घाई झाली तर आत न जुळलेला डाग तसाच राहतो.

सांध्याची खरी परीक्षा त्याच्या लगतच्या पट्ट्यात होते. मार्टेन्सिटिक बाजू झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनते, म्हणून तिला टेम्परिंग, म्हणजे पुन्हा मध्यम तापवून मवाळ करणे, आवश्यक ठरते. सांधा जास्त वेळ तापला तर कार्बन अधिक क्रोमियमच्या बाजूकडे सरकतो आणि मागे मऊ थर उरतो. शिवाय ऑस्टेनिटिक पोलाद तापल्यावर मार्टेन्सिटिकच्या सुमारे दीडपट प्रसरण पावत असल्याने प्रत्येक तापण्या-निवण्यात सांध्यावर ताण येतो, म्हणून तो डोक्यापासून दूर, दांड्याच्या थंड भागात ठेवणेच शहाणपणाचे.

ओढून तोडण्याची चाचणी येथे अपुरी पडते, कारण अतिशय पातळ मऊ थराला दोन्ही बाजूंचा मजबूत धातू आवळून धरतो आणि तुकडा भलतीकडेच तुटतो. म्हणून जाणकार कारखान्यांत नमुना वाकवून पाहतात, सांधा उभा कापून घासून चकचकीत करतात आणि रेषेच्या दोन्ही बाजूंनी काठिण्य टप्प्याटप्प्याने मोजत जातात.