तळ्यात, मळ्यात आणि मैदानात

१९ ऑक्टोबर २०१६ ची संध्याकाळ. बंगळुरूच्या श्री कंठीरव स्टेडियममध्ये समोर होता मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम, म्हणजे आदल्या वर्षीचा एएफसी चषक विजेता. परक्या मैदानावरचा पहिला सामना १-१ असा सुटलेला. या सामन्यातही पहिला गोल पाहुण्यांनीच केला आणि गॅलरीतल्या निळ्या जर्सीवाल्यांच्या पोटात गोळा आला. मग सुनील छेत्रीनं मध्यंतराआधी बरोबरी साधली. मध्यंतरानंतर त्यानं दुसरा गोल केला, तिसरा स्पेनच्या हुआनाननं डोक्यानं मारला. ३-१! भारतातला एखादा क्लब आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. डेम्पो आणि ईस्ट बंगाल हे नावाजलेले संघही उपांत्य फेरीतूनच परतले होते. आणि हा पराक्रम केला तो अवघ्या तीन वर्षांच्या बंगळुरू एफसीनं. पुढे दोहातला अंतिम सामना इराकच्या संघानं १-० असा जिंकला, तो भाग वेगळा.

ज्या हिरवळीवर छेत्रीचे ते दोन गोल झाले, तिथे एके काळी पाणी होतं. साधं डबकं नव्हे, चांगलं मोठं तळं. त्याचं नाव संपंगी. कानडीत संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. तळं गेलं, पण शेजारच्या संपंगीरामनगर या वस्तीनं नाव जपून ठेवलं आहे.

बंगळुरूजवळ बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. त्यामुळे सोळाव्या शतकात केंपेगौडांनी वसवलेलं हे गाव तळ्यांच्या आधारानंच वाढलं. १८०९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून लष्कराचा तळ इथे हलवला आणि एका गावाची दोन गावं झाली. पश्चिमेला पेठ, पूर्वेला कॅन्टोन्मेंट आणि मधल्या पट्ट्यात संपंगी. तळ्याच्या आसपास तिगळ समाजाचे मळे होते. भाजीपाला, फळं, फुलं पिकवण्यात या समाजाचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मळ्यांना पाणी मिळायचं ते तळ्याचं.

आता गंमत पाहा. आपल्याकडे मुलं खेळतात तो ‘तळ्यात-मळ्यात’ इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या माणसांनी खेळला, आणि तो खेळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅन्टोन्मेंटमधल्या साहेबांना पोलोसाठी सपाट, कोरडी जागा हवी होती आणि तळ्याचा उघडा पडलेला भाग त्यांच्या डोळ्यांत भरला. तळं भरलं की पोलोचं मैदान बुडे, तळं रिकामं केलं की तिगळांचे मळे सुकत. दोन्ही बाजूंचे अर्ज सरकारदरबारी जात राहिले. पुढे १८९६ च्या सुमारास हेसरघट्टा जलाशयाचं पाणी नळानं शहरात आलं. पिण्यासाठी तळ्याची गरज उरली नाही, तसा त्याचा वालीही उरला नाही. पाणी आटत गेलं, कडेकडेनं जागा भरली गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तळ्याचं मैदान झालं. म्हणजे या जागेवरचा पहिला खेळ फुटबॉल नव्हे, पोलो. आणि इथल्या जागेवरून पहिलं भांडण झालं तेही खेळापायीच.

एक तुकडा मात्र राहिला. स्टेडियमच्या आवारातच एक छोटं कुंड आहे. दरवर्षी चैत्र पौर्णिमेला बंगळुरूच्या पेठेतल्या धर्मरायस्वामी मंदिरातून करगा निघतो. ही तिगळांची द्रौपदीची पूजा. पुजारी स्त्रीवेश करतो, डोक्यावर फुलांचा उंच मनोरा तोलतो आणि नंग्या तलवारी घेतलेल्या वीरकुमारांच्या गराड्यात रात्रभर पेठेतून फिरतो. वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही थांबतो. मुख्य रात्रीच्या आधी ‘हसी करगा’ असतो. हसी म्हणजे कच्चा, न भाजलेल्या मातीचा. त्या विधीचं नातं संपंगीच्या पाण्याशी आहे. तळ्याचं स्टेडियम झालं तरी विधीपुरतं पाणी ठेवावंच लागलं. मळे गेले, मळेवाल्यांची देवी काही हलली नाही!

स्टेडियमला नाव मिळालं ‘श्री कंठीरव’. कंठीरव म्हणजे सिंह. म्हैसूरच्या वाडियार घराण्यातलं हे जुनं नाव. पहिले कंठीरव नरसराज १६३८ ते १६५९ या काळात गादीवर होते. त्यांनी पाडलेली नाणी कंठीराय नावानं पुढे कितीतरी वर्षं दक्षिणेत चालली. मराठी वाचकाला १६३८ हे साल आणखी एका कारणानं ओळखीचं वाटेल. विजापूरच्या रणदुल्लाखानानं केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं ते याच सुमारास, आणि त्या मोहिमेतले शहाजीराजे नंतर तिथेच राहिले. विजापूरच्या त्याच फौजेनं श्रीरंगपट्टणला वेढा घातला, तेव्हा तो परतवणारे हे कंठीरव. एकाचं नाव आज स्टेडियमला आहे आणि दुसऱ्याची जहागीर त्याच शहरात होती!

आजचं स्टेडियम उभं राहिलं ते १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्तानं. १९९४ साली या स्पर्धा महाराष्ट्रात झाल्या, तेव्हा पुण्याजवळ बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. तीन वर्षांनी कर्नाटकाची पाळी आली आणि कंठीरवचं रूप पालटलं. प्रेक्षकक्षमता सुमारे पंचवीस हजार, मध्ये हिरवळ आणि भोवती आठशे-पंधराशे मीटर धावणाऱ्यांसाठी सिंथेटिक ट्रॅक. हा ट्रॅक लक्षात ठेवायला हवा. हे स्टेडियम बांधलं गेलं ते धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या आणि भाला फेकणाऱ्या मुलामुलींसाठी. फुटबॉल नंतर आला.

तसं शहराला फुटबॉलचं वेड जुनंच. मुंबईच्या प्रतिष्ठेच्या रोव्हर्स चषकावर वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींची नावं कोरली जात. ती परंपरा १९३७ साली मोडली ती बंगळुरूच्याच ‘बंगलोर मुस्लिम’ संघानं. रोव्हर्स जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. पुढच्या वर्षी त्यांनी चषक पुन्हा नेला. म्हैसूर राज्यानं संतोष चषक चार वेळा जिंकला, शेवटचा १९६८-६९ साली. नंतर मात्र कर्नाटकाला थेट २०२३ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं वाट पाहावी लागली आणि तो अंतिम सामनाही झाला कुठे, तर सौदी अरेबियात रियाधला. मधल्या काळात हॅल, आयटीआय अशा सरकारी कारखान्यांच्या संघांनी खेळ जिवंत ठेवला. कॅन्टोन्मेंटच्या बाजूच्या गौतमपुरा या कष्टकरी वस्तीत तर पेलेचा पुतळा उभा आहे. ब्राझीलच्या खेळाडूचा पुतळा असलेल्या गल्ल्या आपल्या देशात मोजक्याच निघतील.

२०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहानं बंगळुरू एफसी काढला. (शहराचं इंग्रजी नाव सरकारी दप्तरी ‘बेंगळुरू’ झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. या बाबतीत क्लब सरकारच्या एक वर्ष पुढेच होता.) पहिलं घर होतं अशोकनगरमधलं जुनं बंगलोर फुटबॉल स्टेडियम. कृत्रिम हिरवळ, जेमतेम आठ-साडेआठ हजारांची जागा, पण प्रेक्षक मैदानाच्या इतक्या जवळ की खेळाडूंच्या हाका ऐकू याव्यात. तिथल्या पश्चिमेच्या गॅलरीत रोज जमणाऱ्या पोरांनी स्वतःचं नाव ठेवलं ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’. पहिला लीग सामना मोहन बागानशी १-१ असा बरोबरीत सुटला. पहिल्याच मोसमात, २१ एप्रिल २०१४ रोजी, गोव्यात फातोर्ड्याला डेम्पोला ४-२ असं हरवून या नवख्या संघानं आय-लीग जिंकली.

मग बिऱ्हाड हललं मोठ्या घरात, कंठीरवमध्ये. जागा तिप्पट झाली, पण प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये ट्रॅक आला. अशोकनगरची ती ऊब इथे नाही, हे जुने चाहते अजून सांगतात. नव्या घरानं पहिल्याच मोसमात चटकाही दिला. ३१ मे २०१५, लीगचा शेवटचा सामना, पुन्हा मोहन बागानच. बंगळुरूला विजय हवा होता, पाहुण्यांना बरोबरी पुरणार होती. जॉन जॉन्सनच्या गोलानं घरचा संघ पुढे होता. तीनच मिनिटं उरली असताना बेलो रझाकनं डोक्यानं गोल केला आणि चषक कोलकात्याला गेला. तसंच १७ मार्च २०१८ ला. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना घरच्याच मैदानावर, छेत्रीचा सुरुवातीलाच गोल, आणि शेवटी चेन्नईयिन ३-२ ने विजयी. बरोबर एक वर्षानं, १७ मार्च २०१९ ला, बंगळुरूनं ती लीग जिंकली, पण मुंबईत. अंधेरीच्या मैदानावर जादा वेळेत एकमेव गोल करणारा राहुल भेके हा मुंबईचाच मुलगा!

या यशाच्या काळात दुसरीकडे कुरबूर वाढत होती. कंठीरव हे राज्य सरकारच्या क्रीडा खात्याचं. क्लब भाडेकरू. सामने आणि सराव यांच्यासाठी मैदान अडकलं की अ‍ॅथलीटनी कुठे जायचं? फुटबॉलची हिरवळ जपायची तर तिच्यावर हातोडा, थाळी, भाला आदळून चालत नाही. आणि सामन्याची सामग्री ट्रॅकवरून नेली तर ट्रॅकची वाट लागते. प्रशिक्षक आणि जुने खेळाडू म्हणत होते की स्टेडियम आमच्यासाठी बांधलं, आणि ते खरंच होतं. क्लब म्हणत होता की रिकाम्या गॅलऱ्या आम्ही भरल्या, आणि हेही खरंच होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये तर क्लबनं घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत खेळवायची तयारी केली होती. लीगचा विजेता संघ आपल्याच शहरात बेघर व्हायची वेळ आली होती. शेवटी परवानगी मिळाली आणि बिऱ्हाड हललं नाही.

इंग्लंडात लिव्हरपूलसारख्या क्लबचं मैदान त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. आपल्याकडे चित्र उलटं आहे. मुंबई सिटी अंधेरीच्या ज्या मैदानावर खेळत आली ते महापालिकेच्या संकुलातलं, गोव्याचं फातोर्डा आणि कोलकात्याचं सॉल्ट लेक सरकारी. त्यामुळे ‘घरचं मैदान’ या शब्दातलं घर बहुतेक भाड्याचंच. बरं, कंठीरवमध्ये पाहुणे काय फक्त खेळाडूच? एप्रिल २००६ मध्ये कन्नड चित्रपटांचे लाडके नायक राजकुमार गेले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी पार्थिव इथेच ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा पुनीत सेहेचाळिसाव्या वर्षी गेला आणि शहर पुन्हा त्याच स्टेडियमकडे लोटलं. सिद्धरामय्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ २०१३ आणि २०२३ अशी दोन्ही वेळा इथेच घेतली.

२०२३ हे साल मैदानालाही लक्षात राहील. ३ मार्चला केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या बाद सामन्यात जादा वेळ सुरू होता. केरळचे खेळाडू भिंत उभी करत असतानाच छेत्रीनं फ्री किक घेऊन टाकली. पंचांनी गोल दिला आणि केरळच्या प्रशिक्षकानं अख्खा संघच मैदानाबाहेर नेला. पुढे महासंघानं त्या क्लबला चार कोटींचा दंड केला. जूनमध्ये दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इथेच भरली. २१ जूनला पाकिस्तानवर ४-० असा विजय, त्यात छेत्रीचे तीन गोल. ४ जुलैला कुवेतविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टीपर्यंत गेला आणि शेवटची किक अडवली ती बंगळुरूच्याच गोलरक्षकानं, गुरप्रीतसिंग संधूनं.

आणि ज्या भाल्यावरून एवढं रामायण झालं, तो भाला ५ जुलै २०२५ ला याच मैदानात पाहुणा नव्हे, यजमान होऊन आला. नीरज चोप्राच्या नावाची आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा आधी पंचकुल्याला व्हायची होती. तिथे प्रकाशझोतांची सोय पुरेशी नसल्यानं ती बंगळुरूला आली. नीरजनं ८६.१८ मीटर फेक करून ती जिंकली. त्याला पाहायला गर्दी लोटली होती, आणि स्पर्धेच्या आयोजनात त्याच्या जोडीला होता तोच जेएसडब्ल्यू समूह, ज्याच्या फुटबॉल क्लबविरुद्ध भालाफेक्यांची तक्रार होती.

करगा दर चैत्रात निघतोच. हिरवळीचा मालक कोण, भाडेकरू कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पौर्णिमेआधी वीरकुमार पूर्वी जिथे तळ्याचा काठ होता तिथे येतात, उरलेल्या कुंडापाशी पूजा होते आणि कच्च्या मातीचा घट घेऊन मंडळी पेठेकडे परततात.