हळवें मन आणि कठीण काळ

एखाद्या मुलाविषयीं 'फार हळवा आहे हो' असें वडील माणसें म्हणतात, तेव्हां ती स्तुति नसते. दुसऱ्याची कानउघाडणी चालली असतां याचेच डोळे भरून येतात. आठवड्याच्या बाजारांतील गलबल्यानें हा थकून जातो. घरांत आईबाप चढ्या आवाजानें बोलले तर त्या रात्रीं यास झोंप येत नाहीं. मग कोणी त्यास लाजाळूचें झाड म्हणतो, कोणी रडवा म्हणतो, आणि सर्वांचा उपदेश एकच असतो, कीं बाबा रे, मन घट्ट कर. हा उपदेश आम्हींही आजवर पुष्कळांस केला आहे. तो कितपत योग्य होता, याविषयीं अलीकडे आमच्या मनांत शंका उत्पन्न झाली आहे, आणि तीच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचारास निमित्त घडलें तें असें. सन 2012-13 मध्यें जालना जिल्ह्यांत मोठा दुष्काळ पडला. 1972 चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला होता ते म्हातारे त्या वर्षीं म्हणूं लागले, कीं तेव्हां खावयास धान्य नव्हतें पण प्यावयास पाणी होतें. या खेपेस धान्य दुकानांत आहे, पाणी मात्र कोठें नाहीं. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बायका रिकाम्या घागरी रांगेनें मांडून बसत. जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. ज्या मोसंबीच्या बागांसाठीं आमचा जिल्हा प्रसिद्ध, त्या उभ्याच्या उभ्या वाळून गेल्या. आम्ही त्या वेळीं जाफराबाद तालुक्यांत टेंभुर्णीस शिकवीत होतों. (सोलापुराकडील टेंभुर्णी ती निराळी.) नववीच्या वर्गांत वृक्षांच्या उपयोगाविषयीं एक साधा पाठ चालला असतां मागल्या बांकावरील एक मुलगा एकाएकीं हुंदके देऊं लागला. त्याच्या वडिलांनीं आदल्या दिवशीं मोसंबीचीं वाळलेलीं झाडें कुऱ्हाडीनें तोडविलीं होतीं, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या क्षणीं वर्ग हंसला. आणि आम्हींही, सांगावयास लाज वाटते, 'मुलाच्या जातीनें असें रडूं नये' एवढें बोलून पाठ पुढें चालविला. या मुलाची गोष्ट इतक्यावर संपली नाहीं; ती शेवटीं सांगूं.

हळवेपणा म्हणजे नेमकें काय, याचा शास्त्रीय शोध फार जुना नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन या बाईंनीं 1996 सालीं या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं पतीच्या सहकार्यानें त्याविषयींचा शोधनिबंध लिहिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं कांहीं मनुष्यांची घडणच अधिक सूक्ष्मग्राही असते. त्यांचे डोळे किंवा कान इतरांहून तीक्ष्ण असतात असें नव्हे. परंतु जें पाहिलें-ऐकिलें तें त्यांच्या मनांत अधिक खोल उतरतें व अधिक वेळ घोळत राहतें. यामुळें बारीकसारीक फरक त्यांच्या लवकर ध्यानांत येतात आणि दुसऱ्याचें सुखदुःख त्यांस चटकन् जाऊन भिडतें. याच कारणानें गोंगाट, घाई व गर्दी यांचा त्यांस लवकर शीणही होतो. हा रोग नव्हे आणि दुर्गुणही नव्हे. 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत प्रौढ माणसांचे या दृष्टीनें तीन गट आढळून आले: शेंकडा सुमारे 31 फार हळवे, 40 मध्यम आणि 29 कमी हळवे. तेव्हां हा कांहीं लाखांत एखाद्याचा विलक्षण स्वभाव आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

याहून महत्त्वाचा शोध निराळाच आहे. इंग्लंडांतील शाळांत अकरा वर्षांच्या सुमाराच्या मुलींस, निराशेनें खचून कसें जाऊं नये, याचे पाठ देण्यांत आले. त्याचा निष्कर्ष 2015 सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मुली अधिक हळव्या होत्या, त्यांस या शिक्षणाचा स्पष्ट गुण आला; कमी हळव्या मुलींवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाहीं. म्हणजे जें मन वाइटानें लवकर दुखावतें, तेंच चांगल्यानें लवकर सुधारतेंही. शेतकऱ्याच्या मुलांस हें उमजावयास जड जाऊं नये. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत हातहात भेगाळते, पाहणाऱ्यास वाटतें कीं ही आतां मेली. पण पाऊस पडला कीं तीच ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. मुरमाड जमिनीस तशा भेगा पडत नाहींत, पण तिच्यांत ओलही टिकत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, कीं सुखाच्या दिवसांत हळवें मन शोभतें, परंतु दुष्काळांत व सांथींत कठोर मनाचींच माणसें उपयोगीं पडतात. या आक्षेपास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतकें चांगलें उत्तर आमच्या माहितींत नाहीं. बाईंचें नांव आपल्या मंडळींत सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुक्तिसदनाची इमारत दाखवून आपण थांबतों, तिचा पाया कोठें घातला गेला तें सांगत नाहीं. आमच्या मतें तो पाया केडगांवास नव्हे, तर 1874 सालीं मद्रास इलाख्यांत, एका उपाशी मुलीच्या मनांत घातला गेला.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोमुलींस संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा रोष पत्करणारे. सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत फिरे. दुष्काळानें त्यांस गांठलें तेव्हां जवळचें सर्व संपलें होतें, आणि अंगमेहनतीची संवय नाहीं व भीक मागण्याचा धीर नाहीं, अशी स्थिति झाली होती. रानांतील पाला खाऊन त्यांनीं दिवस काढिले. प्रथम वडील गेले. मग आई अंथरुणास खिळली व भाकरीचा तुकडा मागूं लागली. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या घरीं गेली खरी, पण तोंडांतून शब्द निघेना. डोळ्यांतलें पाणी आवरतां आवरेना. त्या बाईनें मुलीचा चेहरा पाहिला, मनांतलें ओळखिलें, आणि आपण होऊन विचारिलें, कीं तुला कांहीं खावयास पाहिजे काय? तेव्हां कोठें आईपुरती थोडीशी भाकरी मागण्याचें तिला साधलें. ती भाकरी गिळण्याचेंही बळ आईच्या अंगीं उरलें नव्हतें. थोड्याच दिवसांत आई वारली. पुढें थोरली बहीणही गेली. राहिलीं दोघें भावंडें. तीं पायीं चालत उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या रात्रीं पांघरूण नसल्यामुळें वाळूंत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून घेऊन तीं निजलीं.

त्या शेजारणीचें नांव इतिहासांत नाहीं. तिच्या घरीं धान्य किती होतें, हेंही कोणी लिहून ठेविलें नाहीं. परंतु न बोलणाऱ्या मुलीचें तोंड तिला वाचतां आलें, आणि हा प्रसंग रमाबाई कधीं विसरल्या नाहींत. हळवें मन हळव्या मनास कसें ओळखतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस तरी सांपडलें नाहीं.

पुढील बावीस वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों. 1878 सालीं कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या. 1880 सालीं विवाह. 1882 सालीं वैधव्य. 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा. वैद्यकी शिकावयाची म्हणून त्या इंग्लंडास गेल्या होत्या, पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. 1889 सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें व दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें.

1896 सालीं मध्यप्रांतांत पुन्हां दुष्काळ पडला. बाई त्या वेळीं पुण्यास आपल्या शाळेच्या कामांत गुंतलेल्या होत्या, आणि त्यांनींच पुढें मोकळेपणानें लिहिलें आहे, कीं प्रथम आपण या गोष्टीकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न केला. जवळ पैसा नाहीं, शक्ति थोडी, आणि एवढ्या मोठ्या आकांतांत एका बाईनें काय करावें? हे सर्व युक्तिवाद बरोबरच होते. परंतु जसजसे दिवस जाऊं लागले, तसतशी जुनी उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहूं लागली आणि त्यांस पुण्यांत बसवेना. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या. तेथील मदतीच्या छावण्यांतून व अनाथगृहांतून त्यांस जें दिसलें, तें सरकारी अंमलदारांस दिसत नव्हतें असें नाहीं. पण निराधार तरुण मुलींभोंवतीं वाईट माणसें कशीं घिरट्या घालीत आहेत, हें त्यांच्या विशेष नजरेस आलें. अशा सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आपल्या आश्रयास आणिल्या. त्यांस ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न होता. त्याच वेळीं पुण्यास प्लेगची सांथ आली व शहरांत इतकीं माणसें एकत्र ठेवणें अशक्य झालें. तेव्हां पूर्वीं विकत घेतलेल्या केडगांवच्या जमिनीवर त्यांनीं तो संसार मांडिला. 1897 मध्यें प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची होणारी दुर्दशा पाहून त्यांनीं मुंबईच्या वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें. सरकारची इतराजी होईल या भयानें त्या गप्प बसल्या नाहींत. 1900 सालच्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि केडगांवांतील जीवांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

येथें वाचकांनीं थोडें थांबावें. दोन हजार जखमी मनें एका ठिकाणीं! केवळ रडणाऱ्या मनुष्याचें हें काम नव्हे, आणि ज्यास रडूंच येत नाहीं त्याचेंही नव्हे. बाईंनीं आपल्या दुःखास काम लावून दिलें. मुक्तिसदनांत शेती होती, विणकाम होतें, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आणि हीं कामें स्त्रियाच करीत. आंधळ्या स्त्रियांस त्यांची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकवी. फसलेल्या स्त्रियांसाठीं निराळें सदन, वृद्धांसाठीं निराळें. कोणास काय टोंचतें हें ओळखून केलेली ही मांडणी आहे. आयुष्याच्या उत्तरार्धांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तेंही, आमच्या मतें, याच वृत्तीचें फळ होय. ज्या अडाणी बाईस जड भाषा कळत नाहीं, तिची अडचण त्यांस स्वतःची वाटली. 1922 सालीं त्या निवर्तल्या.

पवित्र शास्त्र वाचणारास हें सर्व अपरिचित वाटूं नये. लाजराच्या कबरेपाशीं येशू रडला, आणि नंतर त्यानें धोंड बाजूस सारावयास सांगितलें. आमचे कांहीं उपदेशक पहिल्या गोष्टीवर थांबतात व कांहीं एकदम दुसरीपासून आरंभ करितात. दोन्ही एकाच वेळीं, एकाच जागीं घडल्या, हें विसरलें जातें.

तथापि हळव्या मनाची किंमत द्यावी लागते, हें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. असा मुलगा दिवसभर दूरध्वनीच्या पडद्यावर जगांतील आगी, पूर व युद्धें पाहत बसला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्यांत कांहीं उरत नाहीं, आणि शेजारच्या घरची चूल पेटली नाहीं हें मात्र त्यास दिसत नाहीं. त्यानें बातमी दिवसांतून एकदां ऐकावी, पुरे. रोज थोडा वेळ एकट्यानें बसावें; शेताच्या बांधावर बसलें तरी चालेल. जें दुःख पाहिलें, त्यासाठीं हातांनीं करण्याजोगें एक लहानसें काम शोधावें, कारण हात रिकामे राहिले कीं मन स्वतःलाच कुरतडूं लागतें. आणि झोंप व अन्न कित्येक दिवस जाईनासें झालें, किंवा जगणेंच नकोसें वाटूं लागलें, तर तो हळवेपणा नव्हे, आजार आहे. तेव्हां घरांतील वडील माणसांस किंवा शिक्षकांस सांगण्यांत क्षणाचाही विलंब करूं नये. सरकारची टेली-मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे; 14416 या क्रमांकावर मराठींतूनही बोलतां येतें व पैसे पडत नाहींत. ज्या जिल्ह्यानें कर्जापायीं व नापिकीपायीं इतकीं माणसें गमाविलीं, त्या जिल्ह्यांतील मुलांस हा क्रमांक पाढ्यांप्रमाणें पाठ असावा.

आतां त्या मुलाविषयीं. नववी-दहावीच्या मुलांस शाळेंत शिजविलेली खिचडी मिळत नाहीं. डबा घरूनच आणावा लागतो. त्या उन्हाळ्यांत एक दिवस मधल्या सुटींत आम्ही सहज वर्गामागें गेलों, तों हा मुलगा व दुसरा एक विद्यार्थी भिंतीच्या सावलींत बसून एका डब्यांतील भाकरी खात होते. चौकशी करितां कळलें, कीं हा क्रम पंधरा दिवस चालला आहे. दुसऱ्या मुलाचे आईबाप कामासाठीं परगांवीं गेले होते, घरीं म्हातारी आजी; तो 'घरीं जेवून येतों' असें सांगून सुटींत बाहेर जाई व उपाशीच परत येई. आम्ही त्या वर्गाचे वर्गशिक्षक होतों, रोज हजेरी घेत होतों, आणि आम्हांस याचा पत्ताही नव्हता. तुला कसें कळलें, असें आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, "सर, तो सुटीच्या आधींच पोटभर पाणी प्यायचा."

पाठाच्या दिवशीं जें बोललों होतों त्याबद्दल आम्हीं त्याची तेथेंच क्षमा मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची त्यास संवय नव्हती. तो गोंधळला व पायाच्या अंगठ्यानें माती उकरूं लागला. मग कांहींतरी बोललें पाहिजे म्हणून म्हणाला, "बाबांनीं एक झाड ठेवलंय, सर. भांडीं धुतलेलं पाणी मी त्याला घालतो."