दिवा जरा मंद करा!

ज्या पिढीने घरात कंदील वापरला, तिला ‘वात जरा उतरव’ हे वाक्य चांगले आठवत असेल. आजारी माणसाचा डोळा लागला, की वात उतरवायची; मुलांचा अभ्यास सुरू झाला, की चढवायची. कंदिलाची ती लहानशी चावी म्हणजे घरातल्या उजेडाचा लगाम होता, आणि तो पोरासोरांच्याही हाती असे. वीज आली आणि काजळी गेली, काचा पुसण्याचा रोजचा जाच गेला, घर लख्ख झाले. पण त्याबरोबर तो लगामही गेला. विजेच्या दिव्याला दोनच अवस्था ठाऊक. एक लागलेला, एक विझलेला. मधले काही नाही.

हे मधले काही परत मिळवून देणारी वस्तू म्हणजे डिमर. दिवाळीपूर्वी भिंतींना रंग देताना भिंतीवरची जुनी बटणे बदलण्याचा विषय घरोघर निघतोच, आणि हल्ली त्यात डिमरचेही नाव निघते. तेव्हा ही वस्तू काय देते, काय देत नाही आणि ती बसवताना जिवाला धोका कोठे असतो, हे आधी नीट पाहून घेतलेले बरे.

खटकन् का?

जुन्या बटणाला नावे ठेवण्यापूर्वी त्याचा गुण ओळखला पाहिजे. बेकलाइटचे ते काळे बटण खटकन् वर जाते किंवा खाली येते; मध्ये म्हणून त्याला थांबवता येत नाही. हा त्याचा आडमुठेपणा नव्हे, हीच त्याची करामत आहे. वाहती वीज सावकाश तोडू गेले, तर आतल्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत ठिणगी धरते आणि पट्ट्या जळतात. म्हणून इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली पट्ट्या झटक्यासरशी अलग करणारे बटण तयार केले. आपल्या घरातले ‘खट्’ त्याच वंशातले.

उजेड कमी-अधिक करण्याची गरज घराच्या आधी रंगभूमीला भासली. दिव्याच्या वाटेत तारेचे मोठे वेटोळे घालून वीज अडवायची, ही तिथली जुनी रीत. काही नाट्यगृहांत तर मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात धातूचे पत्रे वरखाली करून रंगमंचावर संध्याकाळ घडवीत. पण अशी अडवलेली वीज उष्णता होऊन फुकट जाते. आपल्याकडचा पंख्याचा जुना चौकोनी रेग्युलेटर याच जातीचा. पंखा हळू केला, की तो तापत असे.

१९५७ साली थायरिस्टर हा अर्धवाहकाचा तुकडा बाजारात आला आणि चित्र पालटले. न्यूयॉर्कमधील जोएल स्पिरा यांनी १९५९ साली आपल्या राहत्या घरात प्रयोग करून त्याच्या साहाय्याने भिंतीतल्या लहान खोबणीत मावेल असा डिमर सिद्ध केला, आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. त्यामागची युक्ती आपल्या शेतकऱ्याला चटकन उमगेल. पाटाला पाणी तेवढेच असते. दारे धरणारा मात्र वाफ्याचे तोंड कधी लवकर फोडतो, कधी उशिरा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० वेळा उसळते. डिमर त्या प्रत्येक उसळीला दार थोडे उशिराने उघडतो. जितका उशीर, तितका दिवा मंद. डोळ्याला ही उघडझाप जाणवत नाही, आणि वीजही फारशी वाया जात नाही.

बिल कमी होते काय?

दुकानदार हटकून सांगतो, की डिमरने बिल कमी येईल. आपण हिशेबच करू. ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब रोज ५ तास लावला, तर महिन्याला ९ युनिटे जळतात. त्याच उजेडाचा ९ वॉटचा एलईडी बल्ब तेवढेच तास लावला, तर १.३५ युनिट. म्हणजे नुसता बल्ब बदलल्याने महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक वाचली. आता हा एलईडी डिमरने निम्म्यावर आणला, तर आणखी किती वाचेल? जेमतेम पाऊण युनिट!

जुन्या बल्बला डिमर लावण्यात तर त्याहून मोठी फसगत आहे. त्याची तार थंडावली, की उजेड झपाट्याने घटतो, पण वीज त्या प्रमाणात घटत नाही. उजेड निम्मा झाला, तरी खर्च निम्म्याहून बराच जास्त राहतो. तेव्हा पैसे वाचवायचे असतील, तर बल्ब बदलावा. डिमर घ्यायचा तो सुखासाठी, आणि तसे स्वच्छ मनाने म्हणून घ्यावा.

सोयरीक पाहून जुळवा

डिमर आणि दिवा यांची सोयरीक आहे. पत्रिका पाहिल्याशिवाय ती जुळवू नये. इथली पत्रिका खोक्यावर छापलेली असते. एलईडी बल्बच्या खोक्यावर तो डिमरवर चालणारा आहे असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो चालत नाही असेच समजावे. असा बल्ब डिमरवर लावला, की तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि अकाली मरतो.

दुसरे कलम डिमरचे. जुन्या बल्बांसाठी केलेल्या डिमरला काही किमान भार लागतो. बऱ्याचदा तो ४० किंवा ६० वॉटचा असतो. त्याच्यापुढे ९ वॉटचा एकुलता एक एलईडी म्हणजे उंटाच्या तोंडात जिरे. म्हणून एलईडीसाठी केलेलाच डिमर मागून घ्यावा. चोकवाल्या ट्यूबलाइटला हा डिमर लावू नये. दिव्याचा डिमर पंख्याला आणि पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला, ही अदलाबदलही करू नये.

एक अपेक्षा मात्र आवरती घ्यावी. जुना बल्ब मंद होताना तांबूस होई, समईसारखा. साधा एलईडी मंद होतो, पण त्याचा रंग तोच राहतो. म्हणून पांढऱ्याफेक दिव्याऐवजी पिवळसर छटेचा दिवा निवडावा.

बोर्ड उघडल्यावर

खरा प्रश्न बोर्डाच्या मागे असतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी पट्टीवरून नेलेल्या रबरी, वर सुताचे वेष्टन असलेल्या तारा अजून कोठे कोठे सापडतात. रबर वर्षानुवर्षे वाळून कडक होते. हात लागला नाही तोवर ते जागच्या जागी असते. बटण काढण्यासाठी तार जरा वाकवली, की पापुद्र्यासारखे गळून पडते आणि आतले तांबे उघडे होते. अशा तारेला नवा डिमर जोडणे म्हणजे गळक्या घराला झुंबर टांगणे. आधी तार बदलावी, मग डिमर.

दुसरा धोका याहून फसवा. बटण नेहमी फेजच्या तारेवर असले पाहिजे. पण जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले आढळते. मग बटण बंद, दिवा विझलेला, आणि होल्डरमध्ये वीज मात्र जिवंत! डिमरची कळ शून्यावर आणली म्हणजे वीज तुटली, असेही मानू नये. बल्ब बदलायचा असला तरी मेन स्विच बंद करावा. बोर्डाचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि त्याच्याकडून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्यावे. डिमर थोडा कोमट लागला, तर घाबरू नये. पण चटका बसला किंवा जळका वास आला, तर मेन बंद करून त्यालाच बोलवावे.

कोणत्या खोलीत?

स्वयंपाकघरात विळी-सुरी चालते, जिन्यात पाय चुकतो. तिथे उजेड पुरताच हवा. बैठकीच्या खोलीतला डिमर ही हौस झाली; ती करावी, हरकत नाही. पण घरात एकच बसवायचा असेल, तर तो जिथे रात्री कोणीतरी उठते त्या खोलीत बसवावा.

उतारवयात डोळ्यांचे गणित अवघड होते. वाचायला उजेड जास्त लागतो, पण एकदम आलेला उजेड सोसत नाही. आणि दिवा मालवल्यावर अंधाराची सवय व्हायलाही वेळ लागतो. मध्यरात्री आजोबा उठतात. दिवा लावला तर डोळे दिपतात आणि शेजारचे जागे होतात. म्हणून ते बिचारे दिवा न लावताच भिंत चाचपीत निघतात. पाय घसरतो तो अशा वेळी. बाळंतिणीच्या खोलीत, आजाऱ्याच्या उशाशी हीच अडचण असते. तिथे वीतभर उजेड पुरतो, आणि तोच नेमका आपल्या घरात नसतो.

यंदाच्या दिवाळीत बाहेर आकाशकंदील कितीही झगमगू द्या. आत मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, ‘रात्री उठताना दिवा लावता का?’ ‘नाही’ असे उत्तर आले, तर पहिला डिमर कोठे बसवायचा हे ठरलेच.