मोतीचा चौथा पाय

चार दिवस पाथरीला घरी गेले होते. आईच्या हातचं जेवण, मस्त झोप आणि डेडलाइनला टाटा, असा झकास प्लॅन. दुसऱ्याच सकाळी आमच्या मोतीला मोटरसायकलनं उडवलं. मागचा पाय नुसता लोंबत होता.

शेजारचे काका बांबूच्या कामट्या आणि सुतळी घेऊन हजर! "माणसाचं हाड बसतं, मग कुत्र्याचं कसं काय नाही बसणार?" पाय आवळून बांधला. तासाभरात पंजा टम्म सुजला. आई म्हणाली, "सोड ते आधी, आणि परभणीला चल."

परभणी इथून साधारण ४५ किलोमीटर. तिथं १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मोतीला फळीवर आडवं केलं, चावू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधली आणि निघालो.

डॉक्टरांनी पायाआधी छाती तपासली आणि विचारलं, "लघवी केली का?" कारण गाडीच्या धडकेत फुप्फुस किंवा मूत्राशयही फाटू शकतं. मग एक्स-रे. मांडीचं हाड मोडलेलं.

"प्लास्टर घालून टाका ना," मी म्हटलं. पण प्लास्टरला मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडावे लागतात. खुब्याचा सांधा जखडणार कसा? म्हणजे ऑपरेशन. हाडाच्या पोकळीत स्टीलची पिन किंवा बाहेरून प्लेट आणि स्क्रू. आईनं हळूच विचारलं, "अहो डॉक्टर, पाय कापावा तर नाही ना लागणार?" नाही लागला. पिन बसली.

मांजरवाल्या मंडळींनो, तुम्हीही ऐका. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर त्यातली ९० टक्के वाचली, पण छातीला मार आणि मोडलेली हाडं होतीच. तेव्हा बाल्कनीला जाळी लावाच. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. मांजराचा त्यानं जीव जातो. कुत्र्यालाही आपल्या वेदनाशामक गोळ्या नकोत.

पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत जुळू शकतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर उड्या बंद, जिने बंद, बाहेर फक्त साखळीला धरून. मोतीपेक्षा आईचीच जास्त परीक्षा झाली.

आता मोती चारही पायांवर धावतो. फक्त मोटरसायकलचा आवाज आला, की गुपचूप आईच्या पदराआड!